मागून वळसा

मिरजोळ्याला उतरलो की आम्ही सगळे उभ्या एस.टी.च्या पुढून रस्ता ओलांडायचो. तो एकटा मागून वळसा घालायचा, तोही डोक्यावरची टोपी हाताने दाबून धरत, वारा नसला तरी. मुंबईच्या विमानतळावर सामान चढवण्यात त्याची उमर गेली होती. विमानांच्या आवाजाने कान पार गेले, तसा तो गावी परतला. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा खुणेनंच विचारलं, पुढून का नाही? तो म्हणाला, "विमानाचा पंखा जोरात फिरायला लागला की दिसतच नाय, भाऊ. माझा जोडीदार मोकळं आहे समजून पुढून गेला. तेव्हापासून इंजिन चालू असलं की मी कशाच्याच पुढून जात नाय."

एका संध्याकाळी पुढे ट्रक आडवा आला आणि ड्रायव्हरने एस.टी. मागे घेतली. कंडक्टरने शिट्टी मारली, आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो. तो टोपी दाबून, मान खाली घालून, आपल्या बिनधोक वाटेने चालत राहिला.

मी अजून त्याच थांब्यावर उतरतो. गाडी निघून जाईपर्यंत कडेला उभा राहतो. पुढून जाववत नाही, आणि मागूनही.