मिस आर्वेलांची चौकोनी बिस्किटं

मिस आर्वेला बिस्किटं, म्हणजे जेवणाबरोबर खायचे आमचे मऊ छोटे पाव, गोल कापत नसत. आमच्या डोंगरातल्या बाकी सगळ्या बायका गोल कापतात, कुणी साच्यानं, कुणी पेल्याच्या कडेनं. आर्वेलाबाई मात्र पीठ थापून झालं की लांब सुरी घ्यायच्या आणि सरळ चौकोन पाडायच्या. "गोल कापलं की कडेचं पीठ उरतं, ते परत मळावं लागतं. आणि दुसऱ्यांदा मळलेलं बिस्कीट माझ्या सासूसारखं होतं, बाहेरून पांढरं आणि आतून चिवट," असं म्हणायच्या. सासूला जाऊन चाळीस वर्षं झाली होती, तरी बिचारीची सुटका नव्हती. (लग्न झालेली असली तरी वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मिसच म्हणतात.)

तीस वर्षं त्यांनी मोज्यांच्या गिरणीत काढली होती. मशीनच्या वर आवाज चढवायची सवय, त्यामुळे बोलणं मोठं आणि रोखठोक. एकदा पाद्रीबाबांनी चर्चच्या दारात हात हातात घेऊन विचारलं, "प्रवचन कसं वाटलं, मिस आर्वेला?" तर म्हणाल्या, "पहिली वीस मिनिटं छान होतं." पुढच्या रविवारी प्रवचन विसाव्या मिनिटाला संपलं. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले, पण उघडपणे कुणीच नाही. आमच्यात तशी रीत नाही. आमच्यात मुलगी वाचायला शिकण्याआधी दुसऱ्याच्या हातच्या पदार्थाला छान म्हणायला शिकते, आणि मी तर त्यात पहिल्या नंबरात पास झालेली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सगळे एकत्र जेवतो. कोणी काय आणायचं ते इमोजीन ठरवते, कारण स्वयंपाकघराची किल्ली तिच्याकडे असते आणि ती कुणाला देत नाही. बिस्किटं आर्वेलाबाईंची, हे बावीस वर्षं ठरलेलं. थंडगार लोणी मैद्यात बोटांनी चोळायचं, ताक घालायचं, आणि परसातल्या सेज नावाच्या वासाच्या झुडपाची करडी, खरखरीत पानं अगदी बारीक चिरून टाकायची. सेज बेताचा असला तर गरम बिस्कीट उघडताना वाफेबरोबर असा वास येतो की माणूस प्रार्थना अर्ध्यावर सोडेल. जास्त झाला तर मात्र तोच पाला छातीला चोळायच्या मलमासारखा लागतो.

त्या जानेवारीत आर्वेलाबाईंचा पाय बर्फावरून घसरला आणि डोक्याची मागची बाजू पायरीवर आपटली. टाके निघाले, डोकेदुखी गेली, पण नाकाला वास येणं गेलं ते परत आलंच नाही. खारट, आंबट, गोड एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळा भुसा. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. मी शेजारीण. मार्चमध्ये एका शनिवारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाल्या, "नेल्डा, आधी दार लाव."

मी दार लावलं.

"इमोजीनला कळलं ना, तर ती गोड बोलून माझ्या हातातला ट्रे काढून घेईल. म्हणेल, आर्वेला, तू आता आराम कर. मला आराम नकोय. त्या टेबलावर माझा ट्रे दिसला नाही तर मी त्या हॉलमध्ये जाऊन काय करू, खुर्च्या मोजू?" बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांना थांबलेलं मी प्रथमच पाहत होते. "तुझं नाक चांगलं आहे. जेवणाच्या आदल्या शनिवारी मी चार बिस्किटं करून बघत जाईन. तू यायचं, एक खायचं आणि खरं सांगायचं. तोंडदेखलं नको. तोंडदेखलं बोलणाऱ्या मला पन्नास जणी आहेत."

"एवढंच ना?" मी म्हणाले. खरं सांगते, मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. साऱ्या चर्चमधून त्यांनी मला निवडलं होतं.

पहिल्या खेपेला बिस्कीट खरोखरच उत्तम होतं. एप्रिलमध्ये त्यांनी विचारलं, "पानं कमी पडली का गं? मला आपलं वाटतं, कमी पडली. अजून थोडी घालू?" पुरेत, एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण समोर त्यांचे ते दोन डोळे, पिठानं माखलेले हात, आणि माझ्या तोंडात त्यांचं बिस्कीट. माझ्या जिभेनं लहानपणापासून जे केलं तेच केलं. मी म्हणाले, "घाला की! छानच लागेल."

एकदा घाला म्हटलं की पुढच्या वेळी नको कसं म्हणायचं? मेमध्ये मूठभर झाली, जूनमध्ये दोन मुठी. बिस्किटं हिरवट दिसायला लागली. मी कॉफीच्या घोटाबरोबर गिळायची आणि "झकास!" म्हणायची. त्या माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघायच्या, आणि माझा चेहरा काय शिकलेला होता! पापणीही हलायची नाही.

रविवारी हॉलमध्ये लोक एक एक उचलायचे, एक घास घ्यायचे आणि उरलेलं हळूच कागदी रुमालात गुंडाळून ताटाखाली सरकवायचे. कुणी बोललं नाही. आमच्यात तशी रीत नाही, हे सांगितलंच. फक्त इमोजीन माझ्या कानाशी लागली, "आर्वेलाला झालंय तरी काय? मला वाटतंय मी झुडूप चावतेय." मी म्हटलं, "असेल हवामानाचं काही." म्हणजे तिच्याशीही खोटं. मग सगळ्यांची पाठ वळली की मी ट्रेमधली बिस्किटं पिशवीत भरायची, ट्रे घासायची आणि आर्वेलाबाईंच्या हातात ठेवून सांगायची, "एकही उरलं नाही!" शब्द खरे होते, आणि त्याचीच मला तेव्हा गंमत वाटायची. बाई इतक्या खूश व्हायच्या की पुढच्या महिन्यात दोन ट्रे आणायच्या. पिशव्याही दोन व्हायच्या. ती बिस्किटं मी घरी आणून मागच्या आवारात कोंबड्यांना टाकायची.

माझा नवरा हॉयट हे सगळं बघत होता. तो फटकळ, चार माणसांत न्यायची सोय नाही असा. एकदा म्हणाला, "बाईनं तुझ्याकडे खरं मागितलं आणि तू तिला मस्का लावतेस. हा चांगुलपणा कुठल्या दुकानात मिळतो?"

"तुला बायकांतलं कळत नाही," मी म्हणाले.

"मला कोंबड्यांतलं कळतं. त्याही खात नाहीत."

ऑक्टोबरातल्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, हॉयट पुढच्या पायऱ्यांना रंग देत होता. आर्वेलाबाई नासपतीच्या मुरंब्याची बरणी द्यायला आल्या. पायऱ्या ओल्या, म्हणून घराला वळसा घालून मागून आल्या. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. त्या मला दिसल्या तेव्हा त्या कोंबड्यांच्या जाळीपाशी उभ्या होत्या आणि खाली बघत होत्या. चिखलात पंचवीस-तीस बिस्किटं पडली होती. सगळी चौकोनी.

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. पण जमीन कुठली दुभंगते? मी हातात ओला टॉवेल घेऊन तशीच उभी राहिले.

त्यांनी बरणी खांबावर ठेवली. वाकून एक बिस्कीट उचललं, कडेचा चिखल अंगठ्यानं पुसला, आणि त्याचा घास घेतला. सावकाश चावत राहिल्या. भुवया जवळ आल्या, मान तिरपी झाली. त्या सगळं बळ लावून चव शोधत होत्या.

"मला काहीच कळत नाही, नेल्डा," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान, की गिरणीतल्या बाईचा वाटेना. "वाईट लागतं का गं?"

आता तरी? आता तरी खरं बोलावं की नाही माणसानं? बिस्कीट चिखलातलं, पुरावा हातात, समोर जिला मी सात महिने फसवलं ती म्हातारी. आणि माझ्या तोंडातून निघालं, "छे हो! थोडंसं... जरा उग्र, इतकंच." हे आठवलं की आजही माझे कान तापतात. फसवलं त्यापेक्षाही हे.

हॉयट कोपऱ्यावरून ब्रश घेऊन आला होता. तो म्हणाला, "मिस आर्वेला, मलम चाटल्यासारखं लागतं. उन्हाळ्यापासून कुणी खात नाही. सगळे रुमालात गुंडाळतात."

मला वाटलं, त्या आता कोसळतील. त्यांनी हॉयटकडे पाहिलं, घास गिळला आणि विचारलं, "किती पानं कमी करू?"

"आता घालता त्याचा चौथा हिस्साच घाला. मग बघू."

"बरं. आभारी आहे, हॉयट." मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता बोलतील. शिव्या द्याव्यात म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले होते. त्या म्हणाल्या, "बरणी उन्हात ठेवू नकोस, पोरी." आणि वळसा घालून निघून गेल्या.

नोव्हेंबरच्या जेवणाच्या आदल्या शनिवारी सकाळी फोन वाजला. मीच उचलला. "नेल्डा, बरी आहेस ना? तब्येत ठीक? हॉयट मोकळा आहे का गं जरा?" तीच माया, तोच आवाज. मी म्हटलं, आहे. आणि बेशरमासारखी त्याच्याबरोबर मीही गेले, न बोलावता. जावं आणि पाय धरावेत, असं ठरवून गेले होते.

त्यांनी मला चांगली खुर्ची दिली. कॉफी दिली, साय घालून. ओव्हनमधून ट्रे काढला आणि आम्हा दोघांच्या ताटात एक एक बिस्कीट ठेवलं. माझ्या ताटात लोणी आणि मुरंबा, पाहुण्याला वाढतात तसा. हॉयटच्या ताटात कोरडं. मी मुरंबा बाजूला सारला आणि नुसत्या बिस्किटाचा घास घेतला. पूर्वीचा वास, पूर्वीची चव, मऊ, गरम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिस आर्वेला," मी म्हणाले, "फार सुंदर झालंय. अगदी शप्पथ."

"गोड आहेस हो तू," त्या म्हणाल्या आणि माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. मग खुर्ची ओढून हॉयटच्या समोर बसल्या, दोन्ही कोपर टेबलावर टेकले आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून म्हणाल्या, "हं. आता तू सांग."