गाण्याआधीचा आवाज

भावजींना मी आयुष्यात कधी चांगलं म्हटलं नाही, आणि आता म्हणावंसं वाटतं तर ते तुरुंगात आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा हा नवरा. त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. काउंटरच्या काचेखाली फुटलेले स्क्रीन, आणि एका डब्यात इतके बारीक स्क्रू की एक शिंक आली तर अर्धा दिवस वेचत बसा. दुरुस्तीत भागेना म्हणून भावजी गाणी भरून द्यायला लागले. लोक मेमरी कार्ड आणून द्यायचे, भावजी नेटवरून उतरवलेली हजार-हजार गाणी त्यावर चढवायचे. जुनी, नवी, काल आलेली. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. माझ्या फोनमधली सगळी त्यांनीच भरलेली, तीही फुकट.

वाटायचं ते एकट्या ताईला. ती वाचनालयात कारकून होती. स्वतः नाकासमोर चालायची आणि बाकीच्यांनीही तसंच चालावं म्हणून जीव खायची. पोटच्या पोरीला पुस्तक परत करायला एक दिवस उशीर झाला तर तिच्याकडूनही दंड घेतला या बाईनं. दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारायची आणि घरी येऊन तेच ऐकवायची, "ज्याचं त्याच्यावर नाव हवं." भावजींना म्हणायची, "त्या गाण्यांवर कुणाकुणाची पोटं आहेत. कायदा आहे त्याला. उतरवताय, वर वाटताय. एक दिवस दारात पोलीस उभे राहतील."

भावजी हसण्यावारी न्यायचे. "अगं, सगळं जग उतरवतंय. मला एकट्याला कोण धरायला येतंय?"

त्यांच्या मुलीला आम्ही रेडिओ म्हणतो. बोलायला लागली की बंद करायचं बटणच नाही. या पोरीनं आईचं वाक्य उचललं आणि भलतीकडेच लावलं. बारावीत असताना स्वतःच्या आवाजात भरून घेतलं, "हे गाणं ऐकताय ते जिन्याखालच्या मोबाईलवाल्यांकडून, उगाच दुसरीकडे जाऊ नका," त्यापुढे दुकानाचा नंबर, आणि ते प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला चिकटवलं. दुसऱ्याच्या गाण्यावर आपलं नाव. भावजींना केवढं कौतुक. ताईनं ते ऐकलं आणि चार दिवस दोघांशी बोलली नाही.

पुढच्याच वर्षी ताई गेली. वाचनालयातच, टेबलाशी बसल्या बसल्या. वाचनालयानं तिचा फोटो तिथल्या दारासमोरच्या भिंतीवर लावला, खाली लिहिलं, "सव्वीस वर्षांची निष्ठावंत सेवा".

ती गेल्यावर घरात आवरणारं कुणी उरलं नाही. रेडिओनं दुकानाच्या फोनवरून ग्रुप काढला. नवं गाणं आलं की तासाभरात ग्रुपवर, तिच्या त्याच भरून ठेवलेल्या आवाजासकट. बघता बघता चाळीस हजार माणसं झाली. "मावशी, बघ," म्हणून मला दाखवायची. मी बघायचे आणि शाबास म्हणायचे. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गाण्यांच्या कंपनीची माणसं आली ती पोलिसांना घेऊनच. शोधायला काही कष्ट पडले नाहीत. प्रत्येक गाणं नंबर सांगत होतं. कॉम्प्युटर, डिस्क, फोन, सगळं उचलून नेलं आणि शटरला सील ठोकलं. भावजींनी जागेवरच सगळं अंगावर घेतलं. ग्रुप माझा, उतरवली मी, वाटली मी. पण चौकशीचे साहेब एका गोष्टीवर अडून बसले. ही बोलणारी बाई कोण? धंद्यात भागीदार आहे, तिला आणा.

रेडिओ तेव्हा वीस वर्षांची. सरकारी इस्पितळात रक्त तपासायच्या जागेवर निवड झालेली, फक्त पोलिसांचा दाखला यायचा बाकी होता. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली, आणि वर तुरुंग. त्या दिवसापासून पोरीनं तोंडाला कुलूप लावलं. वाण्याकडे गेली तर बोटानं दाखवायची. फोन उचलायची नाही. आमच्या गल्लीत तो आवाज कुणाला माहीत नव्हता? पण गल्लीही गप्प राहिली. तेवढी माणुसकी दाखवली लोकांनी.

जामिनावर सुटल्यावर भावजी माझ्याकडे आले. मी कपडे बेतत होते. उभ्याउभ्याच म्हणाले, "ते शोधायचं थांबवणार नाहीत. कुणाचं तरी नाव द्यावंच लागणार होतं. दिलं मी."

"कुणाचं?"

ते माझ्याकडे बघेनात. "जिला आता काही होणार नाही, तिचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोलले. सव्वीस वर्षांत वाचनालयाची एक पेन्सिल घरी आणली नाही तिनं, आणि तुम्ही तिला चोर ठरवताय?

"साक्ष तुझी लागेल," शेवटी म्हणाले. "मी आरोपी, माझं कोण खरं मानतंय? सख्खी बहीण म्हणाली तर मानतील. लेकीसाठी तिनंही हेच केलं असतं."

"मुळीच नसतं केलं," मी म्हटलं. "तिनं पोरीचा हात धरून तिला साहेबांसमोर उभं केलं असतं. तो दंड विसरलात?"

भावजी खाली बसले. "नाही विसरलो. तिला विचारता येत नाही, हेच बरंय."

कोर्टाची खोली लहान. पंखा खडखडत होता म्हणून आवाज मोठा करून लावला. हे गाणं ऐकताय ते जिन्याखालच्या मोबाईलवाल्यांकडून. पोरीचा तो किनरा, हसू दाबलेला आवाज. ताईचा आवाज जाडाभरडा, घोगरा. तिला एकदा ऐकलेल्या माणसानं हा तिचा म्हटला नसता. रेडिओ शेवटच्या बाकावर बसली होती. मी तिकडे बघितलंच नाही.

"हा आवाज ओळखता?" सरकारी वकिलानं विचारलं.

"ओळखते. माझ्या ताईचा."

"खात्री आहे?"

"सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखणार नाही का मी?"

टायपिस्टनं ते टाइप केलं. मला वाटलं होतं शब्द घशात अडकतील. नाही अडकले, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

भावजींना दीड वर्षाची शिक्षा झाली, वर दंड. निकालात एक ओळ होती, की आरोपीच्या मयत पत्नीचा या कामात जाणूनबुजून सहभाग होता. ती पेपरातही छापून आली. आठवड्यानं वाचनालयातला शिपाई माझ्या दारात उभा, हातात कागदात गुंडाळलेली चौकट.

"वरून सांगितलं काढायला," तो म्हणाला. "बाई चांगल्या होत्या हो. पण लोक विचारायला लागले."

मी फोटो घेतला आणि शिलाई मशिनच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला. तिच्या नजरेला नजर द्यायची हिंमत माझ्यात नाही.

रेडिओला नोकरी लागली. रक्त घेताना 'मूठ आवळा' एवढंसुद्धा ती खुणेनं सांगते, असं तिथली नर्स म्हणाली. केस संपली गं, आता बोल, म्हणून मी शंभरदा सांगितलं. ती मान हलवते आणि कामाला लागते. ज्या आवाजासाठी एवढं सगळं केलं, तो घरात कुणाला ऐकूच येत नाही.

परवा भावजींना भेटायला गेले. जाळीपलीकडे बसलेले, पार खंगलेले. त्यांनी पोरीचं विचारलं. मी नोकरीचं सांगितलं, बाकीचं गिळलं. वेळ संपत आली तेव्हा ते पुढे सरकले.

"वाचनालयात तिचा फोटो आहे ना अजून?" म्हणाले. "इथे दुसरं काही मनात येत नाही माझ्या. तो तिथे असला तर वाटतं, तिचं फार काही गेलं नाही."

"आहे की," मी म्हटलं. "रोज पुसतात."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग ठीक आहे," म्हणाले आणि उठले.