शेवटची सोळा पानं

आठवीत असताना माझ्या बाकावरच्या मुलीने मला फसवलं. आमच्या मराठीच्या बाईंना ते कळायला हवं होतं, आणि कळण्याइतकं त्यांच्या हातात होतं. तरी त्या गप्प बसल्या. हे आधीच सांगून टाकते. मला गोष्ट फिरवून सांगता येत नाही.

मी वसईजवळच्या गास गावची. वडिलांची वाडी, आई भाजी घेऊन नालासोपाऱ्याच्या बाजारात बसायची. घरात छापील म्हणजे कॅलेंडर आणि प्रार्थनेचं पुस्तक. शाळेत मात्र काचेच्या दारांचं एक लाकडी कपाट होतं, त्यात तीन खण भरून गोष्टींची पुस्तकं. कपाटाला कुलूप. चावी वर्षभर एका मुलाकडे किंवा मुलीकडे असायची. ज्याच्याकडे चावी, तो मधल्या सुट्टीत हवं ते काढून वाचणार. बाकीच्यांना आठवड्याला एक पुस्तक, तेही तो देईल ते. सातवीत मला दोनदा तेच पुस्तक मिळालं आणि मी देणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हापासून मला ती चावी हवी होती. दुसरं काहीच नको होतं.

त्या वर्षी बाई नवीन आल्या, विरारहून. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "पुस्तक परीक्षण वहीत लिहायचं नाही. वाचलेलं बनवून दाखवायचं. परग्रह, यंत्रमानव, जादूची राज्यं, असलीच पुस्तकं घ्यायची. दोघादोघांनी मिळून करा. सगळ्यांत चांगलं होईल ते तालुक्याच्या प्रदर्शनाला जाईल, आणि कपाटाची चावी त्यांच्याकडे."

मी उभी राहिले. "बाई, चावी एक आणि माणसं दोन."

"वाटून घ्या."

"दिवस वाटायचे की खण वाटायचे?"

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "आधी जिंक तरी."

माझ्या बाकावरची मुलगी वसईतल्या एव्हरशाईन सिटीत, इमारतीत राहायची. वडील मुंबईत नोकरीला, घरी स्केचपेनांचा मोठा संच, थर्माकोल, डिंकाच्या बाटल्या, आणि अक्षर असं की फळ्यावर सुविचार तिनेच लिहायचा. वाचायचा मात्र तिला कंटाळा. मी तिच्याशी सौदा केला. वाचणार मी, बनवणार ती. नावं दोघींची.

"आणि माझं नाव आधी," मी म्हणाले.

"का ग?"

"तुझं अक्षर आधी दिसणारच आहे."

ती हसून हो म्हणाली. तोंडी सौदा. आज मी कोणाशीच तोंडी सौदा करत नाही.

कपाटातून मी एक पातळ पुस्तक निवडलं. एका कोरड्या ग्रहावर पृथ्वीची माणसं उतरतात, सोबत एक यंत्रमानव. तिथल्या लोकांनी पाणी कधी पाहिलेलं नाही, दगडांतून पाझरणारा रस चाटून ते जगतात. खाली, खूप खोल, पाणी आहे असं कळतं. मग खणणं सुरू होतं. मी ते एका दमात वाचत गेले, आणि यंत्रमानव खड्ड्याच्या तोंडाशी दोर धरून उभा आहे तिथे पुस्तक संपलं. शेवटची सोळा पानं नव्हती. टाके सुटून अख्खा जुडगाच निखळला होता.

ते आठ दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. जेवताना, भेंडी तोडताना, गणिताच्या तासाला, सतत तो दोर डोळ्यांसमोर. कपाटातली सगळी पुस्तकं झटकायला लावली, पानं कुठे अडकली असतील म्हणून. चुलत्यांकडे विचारलं, नालासोपाऱ्याच्या रद्दीवाल्याकडे विचारलं. एका संध्याकाळी वडिलांनी मला वाडीतल्या बावखलावर पंप बघायला पाठवलं. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी तिथे रहाट होता, नंतर इंजिन आलं. इंजिनाचा जुना पाइप पाण्यात पडून होता आणि त्याच्याभोवती पाणी तांबडं झालं होतं. मी तिथेच बसले, आणि शेवट मला दिसला.

यंत्रमानव दोर सोडत नाही. तो स्वतःच खाली उतरतो. पाण्याने आपण गंजणार हे त्याला ठाऊक असतं. खालून तो रहाटासारखी एकेक बादली भरून वर पाठवतो. लोक पितात, नाचतात. शेवटची बादली वर येते तेव्हा तिच्यातलं पाणी तांबडं असतं. तेही ते पितात. का तांबडं, हे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी बाकावर ती म्हणाली, "मिळाली का पानं?"

"मामाकडे अख्खं पुस्तक आहे. वाचून आले."

"खरं?"

"खोटं कशाला बोलू?"

खोटं बोलले. मी बनवलेला शेवट म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, हे चालत नाही, दुसरं पुस्तक घेऊ. ते मला परवडणारं नव्हतं.

तिने काम मात्र असं केलं की नावं ठेवायला जागा नव्हती. थर्माकोलची विहीर, दोऱ्याच्या रिळांचा रहाट, औषधाच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे बादल्या, पावडरच्या डब्याचा यंत्रमानव. मागे छोटा दांडा होता, तो फिरवला की झाकणं खरंच वर यायची. शेवटच्या झाकणात तिने लाल शाई घातली होती. मी सांगत गेले तशी गोष्ट तिने दोन मोठ्या कागदांवर सुवाच्य लिहिली. कागद आणि रहाट ती घरी घेऊन गेली, बुधवारी द्यायचे म्हणून.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. मी गेले तर पाटीवर एकच नाव. तिचं.

मी तिला खांबामागे नेलं. "माझं नाव कुठे?"

"मम्मी म्हणाली, सगळं तर तूच केलंस. तिने फक्त गोष्ट सांगितली."

"मग गोष्ट कोणाची?"

"पुस्तकातली," ती म्हणाली. तिच्या तोंडावर काही लबाडी नव्हती. "ती काय तू लिहिलीस?"

लिहिली म्हटलं तर मामाकडचं पुस्तक खोटं, म्हणजे प्रोजेक्टच खोटा, म्हणजे चावी दोघींनाही नाही. माझ्याच खोट्याने मला धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई माइकवर तो शेवट वाचून दाखवायला लागल्या. तांबडी बादली आली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने रुमाल काढला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "बघा मुलांनो, लेखकाची कल्पना कुठवर जाते." लेखकाची. आमच्या बाई त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या, हातात फुलांचा गुच्छ धरून.

मी सरळ टेबलाकडे गेले आणि रहाटाचा दोरा ओढून तोडला. झाकणं घरंगळली, लाल शाई चादरीवर पसरली. बाईंनी माझा दंड धरून सगळ्यांसमोर विचारलं, "काय केलंस तू यात? सांग, काय केलंस?"

त्यांना काय विचारायचं होतं, दोरा की प्रोजेक्ट, मला आजवर कळलेलं नाही. दुपारपर्यंत मला हॉलबाहेर उभं केलं.

घरी आईला सगळं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. म्हणाली, "तुजं होतं तर तोंड कशाला शिवलंस? पानी काढलंस तू, आन घागर नेली तिनं." पुढची जुडी उचलली आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

चावी तिला मिळाली. मधल्या सुट्टीत ती कपाट उघडून मला विचारायची, "तुला काय हवंय ग?" अगदी प्रेमाने. त्या वर्षी मी त्या कपाटातलं एकही पुस्तक घेतलं नाही. माझं नुकसान मीच केलं म्हणा. पण तिच्या हातून घेणं जमेना.

पुढे मी शिकले ते बारावीपर्यंत. वसईतली जुनी घरं पाडून इमारती उठत होत्या, आणि त्या घरांची दारं, खिडक्या, तुळया लोक जाळायला देत होते. मी त्या विकत घ्यायला सुरुवात केली. कोणाची गादी चालवायला मिळाली नाही, कोणी हात धरून शिकवलं नाही. पंचविशीत माझी स्वतःची वखार होती. तेव्हा शाळेने जुनं फर्निचर काढायला घेतलं.

ऑफिसातले क्लार्क मला कपाटापाशी घेऊन गेले. "ताई, अस्सल सागवान."

"चौकट सागवान. मागची फळी आंब्याची, आणि तिला वाळवी आहे."

"शाळेचं आहे. जरा मान ठेवा."

"मान ठेवते. भाव वाढवत नाही."

शेवटी मी सांगितलेल्या भावात मिळालं. चावीसकट. वखारीत आणून मी मागची फळी काढली, तर खालच्या खणाच्या मागे घड्या घातलेले दोन मोठे कागद. तिचं अक्षर, माझा शेवट. दुसऱ्या कागदाच्या पाठीवर लाल शाईत दहापैकी नऊ. त्याखाली त्याच शाईत, बाईंच्या तिरक्या अक्षरात: मूळ पुस्तकात शेवट असा नाही. हा कोणाचा? विचारावे.

म्हणजे बाईंनी पुस्तक वाचलेलं होतं. कागद बुधवारी दिलेले, गुण प्रदर्शनाआधी घातलेले, आणि शेरा त्याच शाईत. माइकवर लेखकाचं कौतुक झालं तेव्हा शेजारी गुच्छ धरून उभ्या असलेल्या बाईंना माहीत होतं की तो शेवट लेखकाचा नव्हेच. ती मुलगी वाचत नाही, हेही त्यांना माहीत होतं. वर्गात दोनदा तिला त्यावरून बोलल्या होत्या. आणि दोरा कोणी तोडला हे तर सगळ्या हॉलने पाहिलं; तेवढ्यावरून शेवट कोणाचा ते कळत होतं.

त्या मुलीवरचा माझा राग त्या दिवशी निम्मा झाला. तिला खरंच वाटत होतं की गोष्ट पुस्तकातली आहे, आणि तसं मीच तिला सांगितलं होतं. तिने नाव खाल्लं, पण शेवट चोरला नाही. तिला ठाऊकच नव्हतं की तिथे चोरण्यासारखं काही आहे. माझ्याशिवाय ठाऊक एकाच माणसाला होतं.

कपाट मी विकलेलं नाही. चांगली गिऱ्हाइकं आली, परत पाठवली. ते घरात आहे, पुस्तकांनी भरलेलं, आणि कुलूप लावत नाही.

बाई, तुम्ही निवृत्त होऊन विरारला राहता, हे मला शाळेत कळलं. मी चूक केली होती ती इथे लिहिली, मामाकडच्या पुस्तकासकट. आता तुमची पाळी. तुमच्याच हाताने तुम्ही 'विचारावे' असं लिहिलंत. आठवीतल्या पोरीला माइकपासून दूर, एकटीला घेऊन, फक्त तीन शब्द विचारायचे होते: हा शेवट कोणाचा? मी त्याच क्षणी खरं सांगितलं असतं. तुम्ही का विचारलं नाही?