कवठाखालचं पाणी

उस्मान पखालजीनं आणखी एक पखाल खळग्यात रिकामी केली. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. पाणी थोडं पसरलं, बुडबुडे आले आणि गडप झालं. वैशाखातलं ऊन होतं. बागेच्या कमिटीच्या प्रेसिडेंटसाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "झालं समाधान?"

"नाही," मी म्हणालो.

उस्मानला हसू आलं. कमिटीच्या मेंबरांना आलं नाही.

त्या काळात मी नाशिकला ओव्हरसियर होतो. द्वारका नाक्याच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून एक सार्वजनिक बाग नव्यानं आखली होती. तिच्यात एक वाचनगृह बांधायचं होतं. मोठं काही नाही, एक खोली आणि तीन बाजूंनी व्हरांडा. जागेचा प्लॅन ओव्हरसियरनं पास केल्याशिवाय पाया खणता येत नसे, आणि मी तो पास करत नव्हतो. पावसाचं पाणी जायला वाट नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. ते खोटं पाडायला कमिटीनं ही पखालींची परीक्षा मांडली होती.

इथे जरा मातीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात तडकते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात विहीर ओतली तरी ती पिऊन टाकील. पण पावसाळ्यात तीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग थेंबभर पाणी खाली जात नाही. मी लेव्हल घेतल्या होत्या, म्हणजे दुर्बिणीतून जमिनीचा चढउतार मोजला होता. तिन्ही बाजूंची जमीन त्या खळग्याकडे उतरत होती. चौथ्या बाजूला आग्रा रोड बांधासारखा उंच. पाण्याला यायला तीन वाटा, जायला एकही नाही.

"कोकणातल्या माणसाला सगळीकडे पाणीच दिसतं," प्रेसिडेंट म्हणाले. यावर मात्र मेंबर हसले. मी खरोखरच कोकणातला. बागेच्या माळ्याला साक्षीला बोलावलं, तर तो म्हणाला, साहेब म्हणतील तसं.

मग इमारत चार पावलं वर का नेत नाही, असं कोणीही विचारील. कारण पैसे नानाशेठ देणार होते, आणि नानांना तीच जागा हवी होती. नाना म्हणजे भांडीबाजारातले तांब्यापितळेचे व्यापारी. त्यांची बायको आदल्या वर्षी वारली होती. बाग व्हायच्या आधी तिथे उघडं माळरान होतं आणि खळग्याच्या काठाला एक कवठाचं झाड. संध्याकाळी दुकानातून सुटून नाना तिला घेऊन तिथे यायचे. तिला अक्षरओळख नव्हती. नाना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि ती ऐकायची. वाचनगृह बांधायचं ते त्याच जागी, नाहीतर नाहीच, असं त्यांनी कमिटीला बजावून ठेवलं होतं.

मी हे सगळं जाणून होतो, कारण गेले काही महिने ते वर्तमानपत्र मीच ऐकत होतो. माझी आई गावी अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायको तिकडे. मी पंचवटीत एका खोलीत राहायचो आणि खाणावळीत जेवायचो. दिवसभरात माझ्याशी कामाखेरीज बोलणारा माणूस एकच, नाना. मी लेव्हल घेत असताना ते एकदा आले, कवठाखाली बसले आणि सवयीनं मोठ्यानं वाचू लागले. मग रोज येऊ लागले. बाजारभावापासून जाहिरातींपर्यंत सगळं वाचायचे. मला त्यातलं निम्मं नको असायचं, पण संध्याकाळ झाली की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे.

पखालींची परीक्षा झाल्यावर सगळे गेले. नाना तेवढे थांबले.

"ओव्हरसियर, तुम्ही माझ्या बाजूचे, असं मी धरून चाललो होतो."

"मी तुमच्याच बाजूचा आहे, नाना. पाणी मात्र नाही."

त्यांनी पेपरची घडी काखेत मारली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. नंतरही आले नाहीत. मी स्वतः एक पेपर विकत घेऊन बघितला. मनातल्या मनात वाचला की तो फार लवकर संपतो. त्या दिवसांइतकं एकटं मला पुढे कधीच वाटलं नाही, आणि नोकरीत मी बरीच ओसाड गावं बघितली आहेत.

नुसतं नाही म्हणून बसणं मला पटेना. नानांना ती जागा मिळायलाच हवी होती. मी गटाराचं डिझाइन केलं. इमारतीच्या तिन्ही बाजूंनी दगडी गटार काढायचं, वरून येणारं पाणी प्लिंथला, म्हणजे जोत्याला, शिवायच्या आत धरायचं आणि रस्त्याखालून पाईप घालून पलीकडच्या नाल्यात सोडायचं. नाला पुढे नासर्डी नदीला मिळतो. कागदावर सगळं छान बसलं. पण रस्ता दुसऱ्या खात्याचा. परवानगीसाठी त्यांच्या साहेबांकडे गेलो.

"रस्त्याची खडी नुकतीच दाबली आहे. फोडू देणार नाही," साहेब म्हणाले.

"मग पाणी कुठे सोडू?"

"तो तुमच्या बागेचा प्रश्न."

मुलाखत संपली.

रविवारी मला करायला काही नसे. खाणावळीत संध्याकाळचं जेवणही नसे. मी आग्रा रोडनं लांबवर पायी जायचो आणि परत यायचो. अशाच एका रविवारी मी रस्त्याच्या पलीकडच्या अंगानं, खालून, बाभळींमधून येत होतो. मातीतून एक घडीव दगड डोकावत होता. शेजारी तसाच दुसरा, जरा तिरका. छत्रीच्या टोकानं माती उकरली तेव्हा दगडांची कमान निघाली. ती जुनी मोरी होती. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे जायला ठेवलेलं भोक. रस्ता बांधणाऱ्यांनी ती बांधली, पुढे कधीतरी ती गाळानं भरली, आणि प्लॅनवरूनही गळाली. मी वर चढून बघितलं. कवठ अगदी समोर होतं.

आनंदानं मला काय करू नि काय नको असं झालं, आणि सांगायला जवळपास कोणीच नव्हतं. नानांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलो. बायकोला कळवलं. तिचं उत्तर आलं, मोरी सापडली हे बरं झालं, आईंचा खोकला तसाच आहे.

साहेबांकडे पुन्हा गेलो. या वेळी रस्ता फोडायची नव्हे, मोरी साफ करायची परवानगी मागितली.

"गाळ काढायला परवानगी कशाला लागते?"

"रस्ता तुमचा आहे म्हणून."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि सही केली.

पण कमिटी हलेना. पखालीचं पाणी सगळ्यांच्या देखत जिरलं होतं, मग गटाराचा खर्च कशाला? मीही सही करेना. प्रेसिडेंटांनी मला बदलायची भाषा सुरू केली. अशात आषाढ आला. भेगा मिटेपर्यंत मी दम धरला आणि मग एका सकाळी नानांना निरोप पाठवला, एकदा येऊन बघा.

ते छत्री घेऊन एकटेच आले. खळगा काठोकाठ भरला होता. कवठाचा बुंधा पाण्यात होता आणि जिथे ते बसायचे तिथे बेडूक ओरडत होते. नाना काठावर उभे राहिले.

मग ते म्हणाले, "पावसाळ्यात ती इथे यायची नाही. दसऱ्यानंतर जाऊ म्हणायची. मी म्हणायचो, आळशी आहेस."

"कारण नाही विचारलंत?"

"नाही. वाचायचं काम माझं होतं, ओव्हरसियर. ऐकायचं तिचं."

पाऊस पुन्हा सुरू झाला. जाताना ते एवढंच म्हणाले, "इमारत इथेच होईल. तुमच्या गटारासकट."

मग कुणाचं काही चाललं नाही. पावसाळा सरल्यावर मोरीतला गाळ काढला, गटार बांधलं, जोतं उंच घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात वाचनगृह उघडलं. नाना बांधकामावर यायचे, माझ्याशी आदरानं बोलायचे, चुना नीट मळला की नाही ते विचारायचे. पण पेपर वाचायचे नाहीत. मला वाटलं होतं, इमारत उभी राहिली की पुन्हा वाचतील. तर कमिटीनं दारावर पाटी लावली, मोठ्यानं वाचू नये. नाना व्हरांड्यात कवठाकडे तोंड करून बसायचे आणि मनातल्या मनात वाचायचे. मी दोनतीनदा शेजारी जाऊन बसलो. ते हसून थोडे सरकायचे आणि पान उलटायचे.

पावसाळा लागला. एका मुसळधार दिवशी मी गटार बघायला गेलो. पाणी तिन्ही बाजूंनी येत होतं, शहाण्यासारखं वळत होतं आणि मोरीतून पलीकडे जात होतं. व्हरांड्यात माळी एकटाच घोंगडी पांघरून बसला होता. फरशी कोरडी ठणठणीत. नानांची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली.

"शेठ नाही आले?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात रोज येत व्हते. पर आता नाय यायचे. दसऱ्यानंतर येतो म्हनले."

मी त्या कोरड्या फरशीकडे बघत राहिलो. ती कोरडी राहावी म्हणून एक अख्खं वर्ष मी सगळ्या गावाशी भांडलो होतो. मग आतला पेपर आणला, पाटीखाली बसलो आणि बाजारभावापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. माळ्यानं थोडा वेळ ऐकलं, मग त्याला झोप लागली.

पुढे नोकरीत नवीन आलेल्या पोरांना मी एक गोष्ट सांगत असे. गटार नीट झालं की नाही हे बघायचं असेल, तर भर पावसात जा. आणि कोणी भेटेल अशी आशा ठेवून जाऊ नका.