वजन आहे तोवर सोडायचं नाही

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खरं सांगायचं तर हसायला वाचत होते. हॉस्टेलवर असताना आम्ही पोरी ते मोठ्यानं वाचायचो, आणि "मागे वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं" हे वाक्य आलं की एकमेकींना टाळ्या द्यायचो. आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर कुणी हसलं तरी माझी तक्रार नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असं प्रत्येकजण लिहितो. माझं जरा वेगळं आहे. मला तशी परवानगीच नव्हती. आम्ही बौद्ध, मुरगूडचे. आज्ज्यानं देव्हारा घराबाहेर काढला तेव्हा भूतखेत, करणी, उतारा हे सगळं पण त्याच गाठोड्यात बांधून काढलं, असं वडील सांगतात. वडील शाळेत विज्ञान शिकवतात. शेजारच्या काकूंनी एकदा मला दृष्ट लागली म्हणून माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, तर हा माणूस त्यांच्याशी कित्येक दिवस बोलला नाही. मी त्यांचीच पोरगी. पैजेवर स्मशानातल्या झाडाच्या चिंचा खाऊन आलेली.

कोल्हापुरात बीएस्सी झाले, बॉटनी घेऊन. पुढं काय, तर घरच्यांकडे दोनच उत्तरं — बीएड, नाहीतर बँकेच्या परीक्षा. मला दोन्ही नको होतं. एका जागी बसायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं, हा स्वभावच आहे, त्याला काय करू? कॉलेजच्या ट्रेकमधून ओळखी झालेल्या, त्यातून गगनबावड्याजवळच्या एका कॅम्पवर इन्स्ट्रक्टर म्हणून लागले. शाळांची पोरं येतात. त्यांना तंबू ठोकायला शिकवायचं, नकाशा वाचायला शिकवायचं, ओढ्यातले किडे ओळखायला लावायचे आणि शेवटच्या दिवशी कड्यावरून रोपनं खाली उतरवायचं, म्हणजे रॅपलिंग. मला ते काम इतकं आवडलं की पहिले काही दिवस मला झोपच येत नव्हती, सकाळ कधी होते असं व्हायचं.

घरी मात्र महाभारत. मामा म्हणाला, "बीएस्सी करून पोरं दोराला टांगतीस व्हय गं?" वडिलांनी वाद घातला नाही, फक्त सांगितलं, "एक सीझन बघ. त्यात पर्मनंट केलं नाही तर निमूट घरी यायचं आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा." मी हो म्हणाले. पण तेव्हापासून जीव टांगणीला. चहा सांडला तरी वाटायचं, झालं, आता हे मला काढणार.

काढायचं की ठेवायचं हे सर्जेरावदादांच्या हातात होतं. दादा कॅम्पवरचे सगळ्यात जुने इन्स्ट्रक्टर. तिथल्याच वाडीतले, पन्नाशीचे. आवाज असा की वॉकीटॉकी उगीच शोभेला घेतात. मला सगळं त्यांनीच शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे शिव्या घालून शिकवलं. मालक त्यांच्या शब्दाबाहेर नाही.

आता काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. उतरणाऱ्या पोराच्या कमरेला पट्ट्यांचा हार्नेस असतो. ते स्वतः एका रोपवरून उतरत असतं, पण त्याशिवाय दुसरा एक सेफ्टीचा रोप त्याच्या हार्नेसला कडीनं अडकवलेला असतो आणि तो वर पक्क्या केलेल्या दुसऱ्या कडीतून वरच्या इन्स्ट्रक्टरच्या हातात येतो. पोराचा हात सुटला, पाय घसरला, तर हा रोप त्याला धरतो. वरच्याला खालचं काही दिसत नाही, कडा पुढं आलेला असतो. म्हणून सगळं हाताला कळावं लागतं. पोरगं खाली पोचलं की खालचा माणूस त्याला मोकळं करतो आणि रोपला दोन झटके देतो. मग वरच्यानं रिकामा रोप ओढून घ्यायचा. आणि दादांचा नियम एकच — "वजन हाय तवर सोडायचं न्हाय. कुणी का सांगंना. देव जरी आला तरी न्हाय."

दिवाळीनंतरचे दिवस होते. कुरुंदवाडकडच्या एका शाळेची सातवीची पोरं आली होती. हवा अवकाळीची, दुपारीच अंधारून आलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा वरचा सेफ्टीचा रोप माझ्या एकटीच्या हातात दिला होता, पोरांना हार्नेस चढवायला तेवढा एक जण सोबत. दादा खाली उभे. दादा सकाळीच म्हणाले होते, "आज नीट झालं की मालकास्नी सांगतो." म्हणजे काय सांगतो, ते मला कळलं होतं.

सगळं नीट चाललं होतं. शेवटची एक मुलगी फार घाबरट होती. एक पाऊल टाकायची आणि थांबायची, पुन्हा एक पाऊल, पुन्हा थांबायची. मी वरून बोलत राहिले, "मागं रेल, पाय लांब ठेव, मी धरलंय तुला." ती निम्म्यावर असताना कोकणाच्या बाजूनं धुकं वर चढलं आणि बघता बघता माझ्यासमोरची कड्याची धारसुद्धा गेली. तरी ती पोचली. दोन झटके आले. वॉकीवर दादा म्हणाले, "आली बाय खाली. सगळी आली. गुंडाळ आता." माझ्याबरोबरचा दुसरा इन्स्ट्रक्टर हार्नेसची पोती घेऊन पायवाटेनं आधीच गेला होता. वर मी एकटीच.

"ओढतो दादा," मी म्हणाले. (आमच्याकडे पोरीपण असंच बोलतात, पुणेकरांनी दचकू नये.)

रिकामा रोप हलका येतो. निम्म्याच्या वर ओढून झाला असेल, आणि त्याला वजन आलं.

अडकला असेल, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हटलं. रोप कपारीत अडकतो, रोजचं आहे. पण अडकलेला रोप ओढला तर येत नाही आणि ढिला सोडला तर जातही नाही, तिथंच राहतो. हे तसं नव्हतं. विहिरीत घागर भरली की वरच्या हाताला कळतं ना, तसं वजन आलं. आणि मग ते वजन खाली निघालं. थोडा रोप घेतला. थांबलं. परत थोडा घेतला... दिवसभर माझ्या हातातून पोरं उतरली होती. घाबरलेलं पोरगं कसं उतरतं हे मला विचारायची गरज नव्हती.

मी रोप लॉक केला, म्हणजे वरच्या कडीत सरकणार नाही असा अडकवला, आणि वॉकी घेतला. "दादा, पोरं परत मोजा."

"मोजल्यात की. का?"

"रोपला वजन हाय."

"अडाकला असंल," दादा म्हणाले.

"अडकला न्हाय दादा. उतरतंय."

"अगं सगळी पोरं माझ्याम्होरं उभी हायत. त्यांच्या बाई बी हायत. कोण उतरंल?"

"तुम्हाला वर काय दिसतंय का?"

"धुक्यात काय दिसतंय, डोंबल?" आणि मग इतक्या हळू आवाजात बोलले की मला आधी वाटलं वॉकी दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. "शीतल, माझं ऐक. काढ कडीतनं आन सोडून दे रोप. जाऊ दे खाली."

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? रडूच आलं. सगळी पोरं सुखरूप खाली आहेत, हे मला माहीत होतं. सोड म्हणणारा माणूस माझा सीनियर, माझी नोकरी त्याच्या हातात. पहिल्याच दिवशी त्याचं ऐकलं नाही आणि कारण काय तर रिकाम्या रोपवर कुणीतरी आहे, असं म्हटल्यावर मला कोण ठेवणार? बॅग भरायची आणि मुरगूडची एसटी धरायची. डोक्याला सगळं पटत होतं. पण हात सोडेनात. रोपच्या त्या टोकाला कुणीतरी जीव मुठीत धरून लटकलंय, हे हाताला इतकं पक्कं कळत होतं की सोडणं म्हणजे माणूस मारणं वाटत होतं.

"न्हाय सोडत," मी म्हणाले आणि वॉकी बंद करून टाकला.

मग मी जे केलं ते कुणाला सांगायची लाज वाटते. मी त्याच्याशी बोलायला लागले. त्या मुलीशी बोललेले तेच. "घाबरू नको. मागं रेल. पाय लांब ठेव. मी हाय वर." आणि लॉक काढून रोप थोडा थोडा द्यायला लागले.

ते उतरायला लागलं. मी बोलले की रोप घ्यायचं. मध्येच माझा आवाज रडण्यानं बसला, तर तेही थांबलं. एकदा पाय घसरावा तसा जोरात हिसका आला. मी रोप घट्ट धरला आणि म्हणाले, "काय न्हाय, काय न्हाय, धरलंय." परत हळूहळू सुरू. किती वेळ गेला सांगता येणार नाही, मी घड्याळाकडे बघितलंच नाही. शेवटी रोप संपत आला, वजन गेलं, आणि दोन झटके आले.

मी रोप सोडला नाही. तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं पायवाटेनं दादा वर आले, धापा टाकत. पोरं त्यांच्या बाईंबरोबर कॅम्पवर गेली होती. मला वाटलं आता खरपूस शिव्या बसणार. दादांनी माझ्या हातातला रोप बघितला आणि शेजारी दगडावर बसले.

मी विचारलं, "झटके तुम्ही दिलेसा?"

"मी हात लावला न्हाय. टोक माझ्याम्होरं यून पडलं. रिकामं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ल्हान हुतं न्हवं?"

दिवसभरातल्या पोरांहून ते वजन बरंच लहान होतं, हे मी वॉकीवर बोललेच नव्हते. मी नुसती मान हलवली.

"मला बी आलतं," दादा म्हणाले. "हितंच. तू हुभी हुतीस तितंच. म्या बी खाली इचारलं, खालचा म्हणला सगळी पोरं आली, सोड. म्या सोडला."

"मग?"

"मग काय न्हाय. पडल्याचा आवाज आला न्हाय. आला आसता तर बरं झालं आसतं, जाऊन बघितलं तरी आसतं. खाली गेलो, सगळीकडं हुडाकलं. काय न्हाय. वाडीत इचारलं, म्हाताऱ्या माणसास्नी इचारलं, हितनं कवा कोण पडलंय का? कुणालाच ठावं न्हाय. त्या दिसापास्नं मी वर हुभारत न्हाय. तुला ज्यो नियम सांगतो न्हवं, वजन हाय तवर सोडायचं न्हाय, त्यो मला कुणी शिकीवला न्हाय. त्यो माझाच हाय."

"आणि आज मला सोड म्हणालासा की!"

"भ्यालो गं," दादा म्हणाले. पन्नाशीचा माणूस, एवढा आडदांड, आणि हे इतकं साधं बोलला. मग त्यांनी विचारलं, "उतारलं न्हवं नीट?"

"उतरलं."

त्यांनी डोक्याची टोपी काढली, तोंड पुसलं आणि परत घातली. आम्ही दोघांनी मिळून रोप गुंडाळला आणि खाली आलो. मालकांना दादांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्याच आठवड्यात मला पर्मनंट केलं.

दादा आता मोकळे झालेत. अधूनमधून वरही उभे राहतात, गाणी म्हणतात. त्यांच्या मते त्यांनी सोडलेलं तेच होतं, इतकी वर्षं अडकलेलं, आणि आता पोचलं. मला तसं वाटून घेता येत नाही. ते एकच होतं कशावरून? आणि होतं कोण? तिथं कुणी पडलेलंच नाही, तर उतरायचं कुणाचं राहिलं होतं? रिकामा रोप ओढताना अजून रोज, अगदी रोज, निम्म्यावर आला की माझे हात आपोआप सावकाश होतात. सुट्टीत घरी असले तरी चैन पडत नाही, वाटतं आता तिथं वर कोण असेल आणि खालून कुणी त्याला सोड म्हटलं तर...

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर खाली लिहा, मी खरंच वाचेन.

वडिलांना सांगायचं धाडस व्हायला बरेच महिने गेले. घरी गेले तेव्हा एका सकाळी सगळं सांगून टाकलं. ऐकून झाल्यावर त्यांनी फळ्यावर शिकवावं तसं समजावलं — टोकाची कडी झुडपात अडकली असेल, वाऱ्यानं झुडूप हलत असेल, वजनानं फांदी हळूहळू वाकत गेली असेल, शेवटी तुटली, त्याचे झटके बसले. दादांचं म्हणाल तर भीती संसर्गजन्य असते. सगळं बरोबर वाटत होतं. मी म्हटलं, "असेल."

"मग सोड म्हटल्यावर सोडला का नाहीस?"

मी माझ्या तळहातांकडे बघितलं. आई आत भाकऱ्या थापत होती. वडिलांनी पेपर उचलला, चष्मा लावला आणि पेपरमागूनच म्हणाले, "मी पण नसता सोडला."