अण्णांच्या घड्याळाचा पट्टा

शेजारच्या अण्णांना लेकानं दिलेल्या भारी घड्याळाला दुकानदाराचा हात लागलेला चालत नाही. दर लग्नाला सदऱ्याच्या रंगाचा पट्टा ते घरीच बदलतात, म्हणजे आमच्या उंबऱ्यावर बसून, माझ्या सुईनं. आज कंग्राळीच्या लग्नाला निघताना पट्ट्याची पिन उडाली, ती थेट मी निवडलेल्या तांदळात. मी सगळे तांदूळ परत परातीत पसरले, तर अण्णा वरून म्हणतात, "हळू गं आक्का, लई महागाची हाय."

पिन सापडली. पण पट्ट्याचे तुकडे उलटे बसले आणि मनगटावर घड्याळातला बाराचा आकडा खाली आला. मी भीत भीत सांगितलं.

"मला टाइम बघाय मोबाईल हाय की! घड्याळ पाव्हण्यांनी बघायचं. त्यास्नी सरळ दिसतंय न्हवं?"

पिन पुन्हा उडेल म्हणून मी "व्हय अण्णा" म्हटलं आणि आधी तांदूळ आत नेले.