गुरुवारची अमावास्या

आमच्या पिंपरी-चिंचवडात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या सोयीसाठी कधीकाळी हे ठरलं म्हणे. बाहेरच्या माणसाला याचं हसू येतं, पण मला कधी आलं नाही. बाबा भोसरीच्या कारखान्यात लेथवर होते. पुढे कंपनी चाकणला हलली, तरी सुट्टी गुरुवारचीच राहिली. माझी शाळा रविवारी बंद. रविवारी मी घरी आणि ते फर्स्ट शिफ्टला, गुरुवारी ते घरी आणि मी शाळेत. बाप-लेक एकाच घरात, पण सुट्टीचा म्हणून एक अख्खा दिवस आम्ही कधी बरोबर काढला नाही.

बाबा मूळचे सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावचे. अठराव्या वर्षी पिंपरीला आले आणि इथलेच झाले. बोलणंसुद्धा पार इकडचं झालं. एका गोष्टीत मात्र ते शेवटपर्यंत तिकडचेच राहिले, ती म्हणजे कालवं. समुद्रातल्या खडकाला चिकटलेले करड्या रंगाचे खडबडीत शिंपले असतात. टोकदार लोखंडाने अचूक जागी ठोकलं की उघडतात, आणि आत घासभर ओलं, लिबलिबीत मांस असतं. तेच कालव. लहानपणी बाबा त्यांच्या आईबरोबर खडपावर, म्हणजे समुद्रातल्या काळ्या पसरट खडकावर, कालवं फोडायला जायचे. दहा फोडली की अकरावं आई त्यांच्या तोंडात घालायची. तसंच, तिथेच, पाण्यात उभं राहून.

"तुला एकदा खडपावर नेऊन माझ्या हाताने कालव फोडून खायला घालायचंय," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. लहानपणी मी "शी!" म्हणायचो. मोठेपणी "बघू हो बाबा" म्हणायला लागलो. दोन्हींचा अर्थ एकच होता.

त्यासाठी त्यांनी हत्यारही करून ठेवलं होतं. भंगारातला सळईचा तुकडा साहेबाला विचारून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत लेथवर टोक काढून त्याची छोटी हातोडी केली. फडक्यात गुंडाळून ती कपाटात पडलेली असायची. पिंपरीत कालवं फोडायची हातोडी! आई म्हणायची, "दात आहेत तर चणे नाहीत." बाबा म्हणायचे, "चणे आहेत गं, पाणी सुटायला पाहिजे."

पाणी सुटणं म्हणजे ओहोटी. तिचा हिशोब बाबा बोटांवर करत. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. चाकणला मशीनवर उभा असलेला हा माणूस समुद्रापासून दोन घाट अलीकडे सहज म्हणायचा, "आत्ता गावात पाणी चढत असेल." पण नुसती वेळ कळून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी असतं. ते चढतं खूप, तसं उतरतंही खूप, आणि तेव्हाच खडप उघडं पडतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी. ते धड चढत नाही, धड उतरत नाही. हे सगळं त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! मी ऐकलं एकदाही नाही.

बाबा रिटायर झाले, आई गेली, आणि ते आमच्याकडे पिंपळे सौदागरला राहायला आले. तोवर त्यांचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढण्यापलीकडे गेले होते. शिवाय एकट्याने जाण्यात त्यांना काही रसही नव्हता. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, अगदी हळू, विचारायचे, "तुला सवड आहे का रे एवढ्यात?" मी तळवड्याला आयटीत. तिरसट माणूस, कबूलच करतो. "बाबा, रिलीज आहे. तुम्हाला कळणार नाही ते," म्हणून उडवून लावायचो. ते खरंच समजल्यासारखी मान हलवायचे.

मागच्या डिसेंबरात आमच्या क्लायंटची नाताळची सुट्टी आली आणि मला सलग आठवडाभर रजा मिळाली. जेवताना मी मोठ्या थाटात जाहीर केलं, "चला बाबा, सोमवारी निघायचं. तुमचं ते खडप बघू या एकदाचं."

त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि विचारलं, "सोमवारी तिथी काय आहे रे?"

"बाबा, तिथी बघून लग्न काढतात, रजा नाही काढत."

मी हसलो. तेही हसले. "बरं," म्हणाले आणि जेवायला लागले. जेवण झाल्यावर कपाटातून हातोडी काढून त्यांनी तिला तेलाचा हात फिरवला.

गगनबावड्याचा घाट उतरून दुपारी पोचलो. गावात आता माझी आत्या एकटी असते. बाबांची मोठी बहीण, पंचाहत्तरीची, काटक. तिच्या घरामागे सुरूच्या झाडांतून पायवाट उतरते ती थेट किनाऱ्यावर. किनारा कसला, टेकडीच्या कुशीत लपलेली छोटीशी वाळूची पट्टी. दोन्ही बाजूंनी डोंगराचे हात पुढे आलेले, त्यामुळे आत लाटच येत नाही. पाणी परातीत ओतल्यासारखं स्वस्थ. खाडीच्या बाजूला बांबूचे तराफे तरंगत होते आणि त्यांच्यापासून खाली दोऱ्या सोडलेल्या. त्या दोऱ्यांवर कालवांची शेती चालते. गावातल्या बायकांचा बचत गट ती करतो, आत्याही त्यात आहे. एवढं शांत ठिकाण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला झोपच यायला लागली.

बाबा वाळूवर बसले होते. हातोडी मांडीवर, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाणी जरासं मागे गेलं आणि थांबलं. खडप तिथेच होतं, पन्नास पावलांवर, पाण्याखाली एक मोठा काळा डाग. दुसऱ्या दिवशीही तेच. बाबा दोन्ही दिवस तासन्‌तास त्या डागाकडे बघत बसले.

माझं डोकं सटकलं. एवढं अंतर गाडी हाणून कंबर मोडून घेतली ती यासाठी? तेवढ्यात आत्या तराफ्यावरची दोरी घेऊन आली. टप्पोरी कालवं लगडलेली. "दोरयेवरची घे रे, ताजी आसत. पोराक घाल खाऊक," ती बाबांना म्हणाली. बाबांनी दोरीवरून हात फिरवला, चांगली धरलीत म्हणून बहिणीचं कौतुक केलं आणि म्हणाले, "पण ही नकोत. त्याला खडपावरचंच घालायचंय."

"कालव ते कालव!" मी ओरडलो. "दोरीवरचं काय आणि दगडावरचं काय! किती नखरे कराल बाबा? मी काय रिकामा बसलोय का इथे?"

त्या शांत जागी माझा आवाज केवढा मोठा आला. आत्या खाली बघत राहिली. बाबांनी हातोडी फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी." मग पॅन्टचे पाय खाली सोडले.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत आलो. माझ्या रजेचे चार दिवस शिल्लक होते. त्यांत मी गाडी सर्व्हिसिंगला टाकली आणि सोफ्यावर लोळून झोपा काढल्या. पुढच्याच सोमवारी अमावास्या होती, हे मला फार उशिरा कळलं. एका दिवसाची रजा वाढवून आठवडाभर तिथेच राहिलो असतो तर खडप उघडं पडलं असतं. बाबांना ते माहीत होतं. एवढं ऐकवल्यावर ते कशाला सांगतील?

आषाढात बाबा गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा होईपर्यंत गेले. काही करायला वेळच मिळाला नाही. लोक म्हणाले, भाग्यवान, त्रास काढला नाही. मी मान डोलावली. मला मात्र त्यांचं ते "पुढच्या वेळी" ऐकू यायचं, गाडी चालवताना, मीटिंगमध्ये, कुठेही. मी पुढची वेळ आणली नाही. सात महिने होते माझ्याकडे.

दिवस झाल्यावर त्यांचं कपाट आवरलं. खालच्या कप्प्यात जुनी कॅलेंडरं गुंडाळून ठेवलेली होती, अगदी कंपनीत असल्यापासूनची. प्रत्येकात मोजक्या तारखांभोवती पेन्सिलीने गोल केलेले. लहानपणी ते गोल मी भिंतीवर बघायचो. मला वाटायचं, शिफ्ट बदलण्याच्या खुणा असतील. आता नीट बघितलं. ज्या ज्या गुरुवारी अमावास्या किंवा पौर्णिमा होती, तेवढ्याच गुरुवारांना गोल होते. सुट्टी आणि उधाण एका दिवशी. वर्षातून असे येऊन येऊन किती येणार? तेवढे त्यांनी दर वर्षी शोधून ठेवले होते आणि दर वर्षी जाऊ दिले होते. रिटायर झाल्यावर सातही दिवस सुट्टीच होती, तरी गोल गुरुवारालाच. मी कॅलेंडरं मांडीवर घेऊन ढसाढसा रडलो. बायको दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली.

भिंतीवरच्या चालू कॅलेंडरवर शेवटचा गोल कार्तिक अमावास्येला होता. बैल गेला आणि झोपा केला, पण मी रजा टाकली. यंदा रिलीज होता. साहेबाला सांगितलं, होऊ दे काय व्हायचं ते.

त्या गुरुवारी पाचच्या सुमाराला आत्या आणि मी किनाऱ्यावर उतरलो. पाणी मागे मागे जात राहिलं. आधी खडपाचं एक टोक दिसलं, मग पाठ, मग सगळं खडप वर आलं, काळंभोर, कालवांनी खच्चून भरलेलं. चालत जाता येत होतं. आत्याचा हात धरून मी त्याच्यावर चढलो. फडक्याची गाठ सोडताना वाटलं, ही गाठ बाबांनी मारलेली आहे. सोडायला वेळ लागला.

हातोडी हातात घेऊन मी म्हणालो, "आत्या, मागच्या वेळी आपण चुकीच्या दिवशी आलो. बाबांनी तेव्हाच सांगायला हवं होतं."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "त्याचो आदल्या दिवशी फोन इल्लो माका. म्हणालो, पोराक रजा गावली ती अष्टमीक. भांगाचा पाणी, खडप काय उघडा पडाचा नाय. पण तू त्याका काय बोला नको. खूप दिसांनी सवड काढल्यान हा, खुशीत हा."

मी तिथेच ओल्या खडकावर बसलो. "निघायच्या आधीच माहीत होतं त्यांना? मग आले कशाला?"

"तू हाडलंस म्हणान इलो," ती म्हणाली. तू आणलंस म्हणून आला.

आत्याने माझ्या हातातून हातोडी घेतली. दोनदा ठोकून बघितली आणि म्हणाली, "बरी केल्यान हा." मग वाकून एक कालव निवडलं. एका ठोक्यात शिंपला उघडला. आतला घास बोटाने सोडवून तिने माझ्या तोंडासमोर धरला, आणि मी, पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, आ केला.

खारट होतं. पाण्यासारखं गार, आणि मागून थोडं गोड. शी म्हणण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

"कसा लागता?" आत्याने विचारलं.

बाबा मला हेच विचारणार होते. एवढंच विचारायचं होतं.

"चांगलं लागतं," मी म्हणालो. आत्याने मान हलवली आणि दुसरं फोडायला वाकली.